बांगड्या कुठून आल्या

मूळ म्हणजे पहिली, असं मी धरून चाललो. चूक म्हणाल तर एवढीच.

डबीत दोन डिस्क होत्या. एकीवर १ छापलेलं, दुसरीवर २. ज्या कृष्णधवल चित्रपटाबद्दल मी अर्धं आयुष्य लोकांना ऐकवत आलोय, त्याची कापाकापी होण्याआधीची अख्खी प्रत कुठल्याशा गोदामात सापडली होती. ती धुऊनपुसून एका कंपनीने विकायला काढली, आणि आपण सगळ्यांनी टीव्हीवर वर्षानुवर्षं पाहिलेली नेहमीची, कापलेली प्रतही तिच्यासोबत दिली. आता मूळ आधी आणि कापलेली नंतर, यात डोकं चालवायचं काय? मी १ लावली. कंपनीने मात्र ओळखीची आवृत्ती पहिली ठेवली होती आणि मूळ आवृत्ती दुसरी. डबीवर तसं स्वच्छ मराठीत लिहिलं होतं. आतल्या पुस्तिकेतही लिहिलं होतं. पण डबीवरचं वाचायचं ते नवख्यांनी, अशी माझी समजूत.

तर रविवारी दुपारी, मटणाचं जेवण अंगावर आलेलं असताना, कसबा बावड्यातल्या आमच्या घरी मी तोच जुना, तोंडपाठ चित्रपट पुन्हा पाहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच पाहतोय अशा भक्तिभावाने पाहिला. बायको मध्येच दारात येऊन उभी राहिली. यात नवीन काय आहे, तिने विचारलं. मी म्हणालो, सगळंच. ती थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली की तिला तरी हे सगळं पाहिल्यासारखंच वाटतंय. मी तिला समजावून सांगितलं की नुसतं पाहणं वेगळं आणि बघणं वेगळं. ती बरं म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या करायला गेली.

आणि खरं सांगतो, मला नवं दिसत होतं. चित्र इतकं लख्ख केलं होतं की रहाटाचा दोर दिसला, सासूच्या लुगड्याचे काठ दिसले, मागच्या भिंतीवर बसलेलं एक मांजर दिसलं. नवं शोधायला बसलेल्या माणसाला नवं सापडतंच. मध्ये माझा डोळा लागला. झोपलो तेव्हा नायिका शेतात होती आणि उठलो तेव्हा सासरा पश्चात्तापाला लागला होता. जे काही वाढीव असेल ते त्या मधल्या वेळात येऊन गेलं असणार, असं मी मनाशी म्हटलं. मागे नेऊन बघायला रिमोट हाताशीच होता. पण चहा झाला होता.

मोबाईलवर आमचा एक गट आहे, जुन्या मराठी चित्रपटांच्या वेड्यांचा. सगळे कोल्हापूरचे नाहीतर आसपासचे. आमच्या भागात एके काळी चित्रपट तयार व्हायचे, त्यामुळे कुणाचे आजोबा गर्दीत उभे राहिलेले, कुणाची बैलगाडी पडद्यावर जाऊन आलेली. ही डबी येणार म्हटल्यावर गटात दोन तट पडले. एक तट मूळ आवृत्तीसाठी आसुसलेला. दुसरा म्हणायचा, आम्ही लहानपणी पाहिला तोच आमचा मूळ, आता गुडघे दुखायला लागल्यावर नवीन मूळ नको. एकाने डबीला हळदकुंकू वाहून तिचा फोटो टाकला. एकाने जाहीर केलं की मी डबी घेतली आहे पण उघडणार नाही. आणि दोन्ही तट थांबले होते माझ्यासाठी. गटात मला सर म्हणतात. मी आयुष्यात कुणाला काही शिकवलेलं नाही, एका पतसंस्थेत नोकरी करतो. पण एकदा लोक सर म्हणायला लागले की माणूस हळूहळू तसा बोलायला लागतो.

माझं हे सरपण उभं आहे ते बांगड्यांवर. चित्रपटात नायिकेचा नवरा पलटणीत गेलेला असतो आणि त्याची काही खबर येत नाही. गाव त्याला मेला धरतं, सासू सुनेच्या हातातल्या बांगड्या फोडते. पुढच्याच प्रसंगात सून ओसरीवर येते ती दोन्ही हात बांगड्यांनी भरून. मध्ये काहीच नाही. मग बांगड्या कुठून आल्या? हा प्रश्न पहिल्यांदा मी विचारला आणि उत्तरही मीच दिलं. त्या बांगड्या खऱ्या नव्हेतच, तिच्या मनातल्या सौभाग्याची ती प्रतिमा आहे, आणि दिग्दर्शकाने मधला प्रसंग मुद्दाम टाळला आहे. यावर मी एका वाचनालयात भाषण केलंय. अध्यक्षांना गहिवरून आलं होतं.

त्या रविवारी संध्याकाळी मी गटावर लांबलचक लिहिलं. मूळ आवृत्ती अक्षर न् अक्षर पाहिली, असं लिहिलं. रहाट आणि मांजर यांचा उल्लेख केला. आणि शेवटी लिहिलं की मूळ आवृत्तीतही बांगड्यांचा मधला प्रसंग नाही, म्हणजे दिग्दर्शकाचा हेतू आता सिद्ध झाला. लोकांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. मी ती जेवताना मोजत होतो.

दुसऱ्या दिवशी कुरुंदवाडहून फोन आला. गटात ज्यांना सगळे चाचा म्हणतात त्यांचा. एसटीतून निवृत्त झालेला मोठा अदबीचा माणूस, गटात फारसं लिहीत नाही, रोज सकाळी फक्त सलाम टाकतो. त्यांना मला काहीतरी विचारायचं होतं आणि विचारताना ते फार अवघडत होते.

त्यांच्या वडिलांचं कुरुंदवाडात बांगड्यांचं दुकान. या चित्रपटाचं चित्रीकरण तिथल्या घाटावर चाललं होतं तेव्हा नायिकेच्या हातात बांगड्या भरायला वडिलांना बोलावलं होतं, आणि त्यांच्याबरोबर चाचांची थोरली बहीण गेली होती. तेव्हा ती परकरातली पोर. दिग्दर्शकाने तिला बघितलं आणि बांगड्यांची पेटी पुढ्यात देऊन घाटाच्या पायरीवर बसवलं. नायिका तिला विचारते, हिरवा चुडा हाय का गं? आणि ती म्हणते, हाय की. एवढंच तिचं बोलणं. पण चित्रपट गावात आला तेव्हा तो प्रसंग त्यात नव्हता. टीव्हीवर लागला तेव्हाही नव्हता.

तरी आपा, म्हणजे त्यांची ती बहीण, जन्मभर सांगत आली. आता तिचा मुलगा दुकान बघतो, पण गल्ल्याशेजारी अजून तीच बसते. गिऱ्हाईक बाईने कुठलाही रंग विचारला की आपा त्याच सुरात म्हणते, हाय की, आणि मग लग्न ठरलेल्या पोरीच्या हातात बांगड्या भरता भरता अख्खी कहाणी सांगते. घरात तो एक खेळच झालेला. जेवण झालंय का म्हणून विचारलं की नातवंडं म्हणतात, हाय की. प्रेमानेच चिडवतात, पण खरं कुणी मानत नाही.

चाचा म्हणाले, "आमच्याकडं ते मशीन न्हाय, सर. तुमी समदं बघितलंसा. आपा हाय का त्यात, तेवढं सांगा."

बघून सांगतो, एवढे दोनच शब्द मला पुरले असते. रिमोट अजूनही तिथेच होता. पण आदल्या दिवशी मी अक्षर न् अक्षर पाहिली असं लिहून बसलो होतो, आणि अक्षर न् अक्षर पाहिलेला माणूस बघून सांगतो असं कसं म्हणणार? आणखीही एक गोष्ट होती, ती सांगायला जीभ आणि बोट दोन्ही अडतात. ही आपा जर खरंच घाटावर बसलेली असेल तर माझ्या बांगड्या जातात. वाचनालय जातं, अध्यक्षांचा गहिवर जातो. तेव्हा मी नाही म्हणालो. आपाला ऐकवता यावं म्हणून चाचांनी विनंती केली की आवाजात बोलून पाठवा. मी बोललो. सांगितलं की मूळ आवृत्तीत असा प्रसंग नाही, वयोमानाने अशा आठवणी तयार होतात, त्यात कुणाचा दोष नसतो. शिवाय त्या काळी नायिकेसमोर गावातल्या पोरीला संवाद देण्याची पद्धत नव्हती, असंही सांगितलं. ही पद्धत मी तिथल्या तिथे तयार केली. निरोप पाठवण्याआधी मी तो एकदा ऐकून पाहिला. आवाज चांगला लागला होता.

आठवड्याभराने चाचांचा पुन्हा फोन आला, दुसऱ्याच कशासाठी तरी. बोलता बोलता मी आपांची चौकशी केली. ते म्हणाले, बरी हाय. मग त्यांनी सांगितलं की माझा निरोप सगळ्यांनी दुकानात बसून ऐकला होता, मोठ्या आवाजात लावून. नातवंडं हसली. सून म्हणाली, झालं, आता खुद्द सरांनीच सांगितलं. आपा रॅकवरच्या बांगड्या लावत बसली. त्या दिवसापासून गिऱ्हाइकाने रंग विचारला की ती नुसती मान हलवते आणि डबा पुढे सरकवते. हाय की म्हणत नाही.

"तुमचा काय दोष न्हाय, सर," चाचा म्हणाले. "तुमी बघून सांगितलंसा."

मला वाईट वाटलं. पण कसं, तर खरं बोलणं भाग पडलेल्या माणसाला वाटतं तसं, जरा वरून.

मग एका संध्याकाळी उचगावच्या एका ताईंनी गटावर लिहिलं. त्या कॉम्प्युटरचा क्लास चालवतात आणि मोजकं लिहितात. त्यांनी लिहिलं की मूळ आवृत्ती आज पाहिली, घाटावरची ती बांगड्या विकणारी पोर काय गोड आहे, आणि बांगड्या कुठून आल्या ते एकदाचं कळलं. मी लगेच उत्तर दिलं. ताई, आपला काहीतरी गोंधळ होतोय, बहुधा आपण चुकीची डिस्क लावलीत. त्यांनी डबीच्या मागच्या बाजूचा फोटो टाकला.

माझ्या खांद्यावरून बायको वाचत होती. ती आत गेली आणि आमची डबी घेऊन आली. लग्नाची पत्रिका वाचावी तशी तिने ती मोठ्याने वाचली. डिस्क एक, प्रचलित आवृत्ती. डिस्क दोन, मूळ आवृत्ती. मग म्हणाली, "खाली कंपनीचा पत्ता आहे. तोही वाचू?"

मी गटावरचं माझं उत्तर पुसून टाकलं. ते पुसल्यावर त्या जागी 'हा संदेश हटवला आहे' असं येतं, हे मला माहीत होतं, पण ते इतकं ठळक दिसतं हे तेव्हा कळलं. मग आम्ही दोघांनी डिस्क दोन लावली. या वेळी बायको माझ्या शेजारी बसली.

सासू बांगड्या फोडते. आणि मग, जिथे मी एवढी वर्षं काहीच नसल्याचं सौंदर्य सांगत आलो, तिथे घाट होता. पायरीवर एक पोर बसली होती, परकराचा काठ पाण्यात भिजलेला, पुढ्यात पेटी. नायिका वाकून विचारते. पोर आधी थेट कॅमेऱ्याकडे बघते, कुणीतरी दटावलं असावं म्हणून पटकन पेटीकडे बघते, आणि म्हणते, हाय की. मग तिच्या मागून एका पुरुषाचा हात येतो आणि नायिकेच्या मनगटावर बांगडी चढवायला लागतो. संपलं. कृष्णधवल पडद्यावर चुडा करडाच दिसतो. तो हिरवा आहे हे केवळ त्या पोरीच्या सांगण्यावरून कळतं. अख्ख्या चित्रपटात तेवढाच एक हिरवा रंग होता आणि मी तो नाही म्हणून कळवला होता.

"फोन लावा," बायको म्हणाली.

मी लावला. चाचांना सांगितलं की एक नवीन गोष्ट हाताला लागली आहे, आपा त्यात आहेत, आणि मशीन घेऊन मी स्वतः येतो. हाताला लागली आहे, हे शब्द मी वेचून घेतले होते. त्यात खोटं काही नव्हतं आणि खरंही फारसं नव्हतं. फोन ठेवल्यावर बायकोने ते तीन शब्द माझ्याकडे बघत एकदा हळूच म्हणून पाहिले आणि स्वयंपाकघरात गेली.

पुढच्या रविवारी आम्ही कुरुंदवाडला गेलो. गाडी तीच चालवते, कारण माझं लक्ष बोलण्यात असतं. वाटेत मी तिला मनातली योजना सांगितली. उगाच सगळं उकरून काढायचं नाही, प्रसंग दाखवायचा, आपाचा आनंद बघायचा आणि परत यायचं. झालं ते झालं, त्यांना मिळाल्याशी मतलब. शिरोळपर्यंत मी हे निरनिराळ्या प्रकारे मांडून पाहिलं. ती फक्त म्हणाली, पुढे वळण आहे, जरा नीट बसा.

दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलेलं होतं आणि मागच्या खोलीत पंधरा-वीस माणसं सतरंजीवर बसलेली. शेजारच्या बायकाही आल्या होत्या. मला आधी वाटलं घरात काही कार्य आहे. मग कोपऱ्यातल्या ताटात शाल, नारळ आणि घडी केलेला भगवा फेटा दिसला, आणि कार्य कुणाचं आहे ते लक्षात आलं. हाताला लागली या शब्दांचा त्यांनी सरळ अर्थ घेतला होता. सरांनी आधी बघितलं, सापडलं नाही, पण सर गप्प बसले नाहीत, आपासाठी शोधत राहिले आणि शेवटी शोधून काढलंच. मी नको नको म्हणालो. आमच्याकडे नको म्हणणाऱ्या माणसाला फेटा जास्त घट्ट बांधतात. आळीतला एक माणूस लग्नात फेटे बांधतो, त्याने माझं डोकं मागून धरलं आणि गुंडाळायला सुरुवात केली. मागे लांब शेमला सोडला, वर तुरा काढला. बायको बायकांच्यात बसली होती आणि शांतपणे जमिनीकडे बघत होती.

आपा खुर्चीवर होती. बारीक अंगाची, पांढरी ओढणी डोक्यावरून घेतलेली. माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली की एवढ्या लांबनं आलासा, चहा झाला का. मला फेट्याखाली घाम सुटला.

मुलांनी मशीन जोडलं. मी डिस्क दोन लावली, या वेळी दोनदा बघून. घाट आला. पोर आली. हाय की, ती म्हणाली, आणि खोलीत सगळे एकाच वेळी बोलायला लागले. मागून तो हात आला तेव्हा चाचा म्हणाले, अब्बा. गिऱ्हाइकाच्या मनगटाकडे बघावं तशी आपा डोळे बारीक करून पडद्याकडे बघत होती.

"एवढंच व्हय?" ती म्हणाली. "मला वाटायचं लई मोठं व्हतं." आणि जरा वेळाने म्हणाली, "परत लावा."

परत लावलं. आणखी एकदा लावलं. मग सून उठली. डोळे पुसत सगळ्यांसमोर आपाला म्हणाली, "आमी उगं हसलो तुमास्नी. चुकलं आमचं." एक नातू मान खाली घालून बसला होता, तोही काहीतरी पुटपुटला. तिथे एक माफी मागायची होती, ती माझी होती, आणि ती दुसरीच माणसं मागत होती. मी शाल पांघरून, नारळ मांडीवर घेऊन बसलो होतो.

मग चाचांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. ओळख करून देताना म्हणाले की सर बघितल्याबिगर एक शब्द बोलत न्हाईत, हे आमाला म्हाईत हाय.

मी उभा राहिलो. सवयीने पहिली दोन वाक्यं आपोआप आली, या मातीचं आणि चित्रपटाचं नातं वगैरे. मग माझं लक्ष बायकोकडे गेलं. ती आता जमिनीकडे बघत नव्हती. मी म्हणालो की शोधलं वगैरे मी काही नाही. डबीत दोन डिस्क होत्या. मी भलतीच लावली आणि मध्ये झोपलो. नवीन काही हाताला लागलं नाही, हे पहिल्या दिवसापासून माझ्या कपाटात होतं.

खोलीत कुणाला काय करावं ते कळेना. चाचा माझ्या पायाजवळच्या सतरंजीकडे बघत होते. आपाने मात्र सरळ विचारलं.

"म्हंजे तुमी बघितलंच न्हवतंसा?"

"न्हाय," मी म्हणालो. घरात मी असं बोलत नाही. कुठून आलं कोण जाणे.

"मग न बघता न्हाय कसं म्हणालासा?"

आता उरलेलं सांगणं भाग होतं. मी बांगड्यांचं सांगितलं. भाषण, वाचनालय, मनातल्या सौभाग्याची प्रतिमा. सांगताना ते इतकं लहान लहान होत गेलं की शेवटचं वाक्य मलाच ऐकू आलं नाही. आपाने ते सगळं नीट ऐकून घेतलं. मग शेजारच्या बाईकडे वळून विचारलं की हे काय म्हणतायत, बांगड्या मनातनं आल्या? बाई म्हणाली, तसंच म्हणतायत.

"मनातनं कशा येतील?" आपा म्हणाली. "आमच्या दुकानातनं आल्या."

खोली हसली. मोठ्याने, मोकळं, मघाशी पडद्यावर ती बोलल्यावरही हसली नव्हती तशी. चाचाही हसले, पण माझ्याकडे न बघता. मला ते हसणं बरं वाटलं असं म्हणणार होतो, पण नाही वाटलं. मी फेटा काढायला हात वर केला. आपाने तिथूनच थांबवलं. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "आमच्या दारातनं पावणं फेटा उतरवून गेलं असं व्हायला नको." रागावून म्हणाली की सांभाळून घेऊन, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. चहा आला. मला पहिला कप मिळाला, याचंही मला काहीतरी झालं.

निघताना बायको दुकानात थांबली. ती एरवी हातात एकेक सोन्याची बांगडी आणि घड्याळ घालते, काचेच्या बांगड्या कामात फुटतात म्हणून घालत नाही. तिने घड्याळ काढून माझ्या हातात दिलं आणि आपासमोर बसून हात पुढे केला.

"मावशी," ती म्हणाली, "हिरवा चुडा हाय का?"

ती कोल्हापूरची, पण माझ्यासारखीच शाळेतलं बोलणारी. हाय का हे तिने जाणूनबुजून म्हटलं होतं. आपाने तिचा हात हातात घेतला, बोटांची हाडं दाबून बघितली, आणि मान वर केली. सून, नातवंडं, चाचा, सगळे दाराशी उभे होते.

"हाय की," आपा म्हणाली. त्याच सुरात, जसा आम्ही मघाशी पडद्यावर ऐकला होता. आणि मग बांगड्या भरता भरता तिने बायकोला सुरुवातीपासून सगळं सांगितलं, कुठली नटी, कसला घाट, अब्बांनी पेटी कशी उचलली, जणू आम्ही नुकतंच काही पाहिलेलंच नाही. बायको मध्ये मध्ये विचारत होती, मग काय झालं. मी दाराशी घड्याळ घेऊन उभा होतो.

गाडीत बसलो तर तुरा छताला लागला. तुरा वाचवायचा तर मान एका बाजूला धरून बसावं लागत होतं. चाचांनी तोवर गटावर माझा फोटो टाकला होता, शाल, नारळ, फेटा, हात जोडलेला मी. तो फोटो मी कबूल करण्याआधीचा होता. खाली लोकांनी फुलं टाकली होती. मी तिथेच, नृसिंहवाडीच्या फाट्याच्या आसपास, गटावर खरं काय ते लिहिलं. डिस्क चुकली, झोप लागली, न बघता नाही म्हणालो, बांगड्यांचं सगळं रद्द समजावं, आणि उचगावच्या ताईंची माफी. दोन मिनिटांत उत्तरं यायला लागली. सर, तुमचा मोठेपणा. सर, असं कबूल करायला काळीज लागतं. डबी न उघडणाऱ्या गृहस्थांनी लिहिलं की मुळात त्या बांगड्या मनातल्याच मानाव्यात, आपला सरांना पाठिंबा आहे. ताईंनी काही लिहिलं नाही. फोन मी उलटा करून मांडीवर ठेवला.

बायको गाडी चालवत होती. गियर बदलताना तिच्या हातातल्या बांगड्या वाजत होत्या. काहीतरी बोलायला हवं म्हणून, आणि मान दुखायला लागली होती म्हणून, मी विचारलं, "फेटा बरा दिसतोय का गं?"

तिने रस्त्यावरची नजर काढली नाही.

"मी अजून बघितला नाही," ती म्हणाली. "बघून सांगते."